टिवटिवीची परिभाषा : नवशिक्यांसाठीं चार गोष्टी

सध्यांच्या काळीं सुशिक्षित कुटुंबांत चहाच्या वेळीं जें संभाषण चालतें, त्यांत कांहीं शब्द असे येतात कीं, ते ऐकून घरांतील वडील मंडळी क्षणभर थबकतात. ‘अमक्यानें ट्वीट केलें’, ‘तमक्याला फार ट्रोल केलें’, ‘तो हॅशटॅग सकाळपासून ट्रेंडमध्यें आहे’, ‘थ्रेड वाचला कां?’ अशीं वाक्यें मुलें सहज बोलून जातात. वाक्यांची ठेवण मराठी, क्रियापदेंहि मराठी. पण आशय मात्र हातीं लागत नाहीं. विचारावें तर संकोच वाटतो, आणि न विचारावें तर आपल्याच घरांत परकेपणा येतो. हा नवा व्यवहार काय आहे, त्याची परिभाषा कशी बनली, आणि ज्यांना त्यांत आतां प्रथमच पाऊल टाकावयाचें आहे त्यांनीं कोणती सावधगिरी बाळगावी, याचें थोडक्यांत दिग्दर्शन करावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ‘ब्लॉग’ म्हणजे आंतरजालावर चालविलेली उघडी रोजनिशी. मराठींत तिला कोणी ‘अनुदिनी’ म्हणतात, कोणी ‘जालनिशी’ म्हणतात. ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म. तेव्हां मायक्रोब्लॉग म्हणजे एका दमांत लिहितां येईल आणि एका दृष्टिक्षेपांत वाचतां येईल अशी, दोनचार वाक्यांची, सर्वांना दिसणारी नोंद. या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध सेवा ‘ट्विटर’ या नांवानें २००६ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. तिचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनीं २१ मार्च २००६ रोजीं तिच्यावरील पहिली नोंद लिहिली. ‘ट्वीट’ म्हणजे पाखरांची टिवटिव; म्हणून अशा नोंदीलाहि तेंच नांव पडलें, आणि मराठी लेखकांनीं थोड्या थट्टेनें, थोड्या कौतुकानें, ‘टिवटिव’ हा शब्द उचलला. जुलै २०२३ मध्यें या सेवेचें नांव बदलून ‘एक्स’ असें ठेवण्यांत आलें. तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव अधिक आहे.

पत्र आणि ही नोंद यांत एक मूलभूत भेद आहे, तो आरंभींच ध्यानांत घेतला पाहिजे. पोस्टकार्डावर पत्ता असतो. या नोंदीवर तो नसतो. ती सामान्यतः कोणा एकाला उद्देशून लिहिलेली नसते, आणि म्हणूनच ती कोणाच्याहि हातीं पडूं शकते. या नव्या परिभाषेची सोय काय आणि धोका कोणता, हें दोन्ही या एका भेदांतून निघतें.

संक्षेपानें लिहिणें ही कांहीं मराठी माणसाला नवी गोष्ट नव्हे. ‘सा. न. वि. वि.’ हीं चार अक्षरें पत्राच्या माथ्यावर दिसलीं कीं, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हें सारें वाचणारा मनांतल्या मनांत पुरें करीत असे. नांवामागें ‘चि.’ आलें कीं वय व नातें कळे, ‘सौ.’ आलें कीं मान कळे, आणि शेवटीं ‘ता. क.’ आलें कीं कांहींतरी सांगावयाचें राहून गेलें होतें हें कळे. मराठी न जाणणाऱ्या माणसाला हीं मंत्राक्षरेंच वाटलीं असतीं. तारेची भाषा तर याहूनहि काटकसरीची. शब्दाशब्दाला दाम पडत असल्यामुळें तारेंतून विभक्ति गळाल्या, आदरार्थी शब्द गळाले. शुभेच्छांच्या तारांसाठीं तर खात्यानें वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले होते. पाठविणारानें आंकडा द्यावा आणि घेणाराला अख्खें वाक्य मिळावें, अशी ती योजना होती. आपल्या देशांतील ही तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली.

इतिहासांतील उदाहरण द्यावयाचें तर पानिपताचें देतां येईल. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हातीं जी पहिली वार्ता लागली, ती एका सावकारी पत्रांतून, असें सांगतात. त्या पत्रांत सैन्याचा, सेनापतीचा किंवा पराभवाचा उल्लेख नव्हता. दोन मोत्यें गेलीं, मोहरा गेल्या, आणि रुप्यातांब्याची तर मोजदादच नाहीं, असा हिशेबी मजकूर होता. पेशव्यांना मोत्यें म्हणजे कोण हें विचारावें लागलें नाहीं. भाऊसाहेब आणि विश्वासराव गेले, सरदार गेले, आणि सामान्य शिपायांची गणतीच उरली नाहीं, हें त्यांना कळून चुकलें.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. थोडे शब्द पुरतात, याचें कारण ते शब्द समर्थ असतात एवढेंच नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यांत पूर्वींचीच एक समजूत असते, म्हणून ते पुरतात. समजूत असली कीं संक्षेप ही सोय होते, आणि ती नसली कीं तोच संक्षेप कोडें होतो किंवा गैरसमजाचें बीज होतो. टिवटिवीचा सारा व्यवहार अनोळखी लोकांमध्यें चालतो. तेथें ही समजूत जन्मतः नसते, ती बनवावी लागते. जिला आपण या माध्यमाची ‘स्लँग’, म्हणजे चालू बोली म्हणतों, ती म्हणजे ही समजूत बनविण्याची खटपट होय.

ही बोली तोकडी कां, याचें कारण यंत्रांत आहे. मोबाईलवरून जाणाऱ्या एसएमएस या लघुसंदेशाची मर्यादा १६० रोमन अक्षरांची होती. ट्विटर आरंभीं या लघुसंदेशावर चालावें अशी योजना असल्यामुळें, लिहिणाराच्या नांवासाठीं २० अक्षरें राखून मजकुरासाठीं १४० ठेवण्यांत आलीं. पुढें नोव्हेंबर २०१७ मध्यें ही मर्यादा दुप्पट, म्हणजे २८० झाली. आतां पैसे भरणारांना याहूनहि लांब लिहितां येतें. ‘मॅस्टोडॉन’ व ‘थ्रेड्स’ या सेवांवर सामान्यतः ५०० अक्षरांची, तर ‘ब्लूस्काय’वर ३०० ची मर्यादा आहे. ‘कू’ नांवाची एक भारतीय सेवाहि २०२० सालीं निघाली होती. तिच्यावर मराठींतून लिहिण्याची सोय होती, परंतु २०२४ सालीं ती बंद पडली.

देवनागरी लिहिणाराला या मोजणींतील एक मेख ठाऊक असावी. लघुसंदेशांत रोमन अक्षराला सात बिटें पुरत. देवनागरी अक्षराला सोळा लागत. त्यामुळें मराठींत लिहितांच १६० ची मर्यादा ७० वर येई. रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची जी खोड पुष्कळांना लागली, तिचें हें एक कारण आहे. शिवाय यंत्र अक्षर मोजतें तें आपल्या डोळ्यांनीं नव्हे. ‘मस्तगड’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यांत म, स्त, ग, ड अशीं चार अक्षरें दिसतात. ट्विटरचें यंत्र म, स, हलन्ताची खूण, त, ग, ड अशीं सहा मोजतें. ‘जालना’ या शब्दांत आपण तीन अक्षरें म्हणतों. यंत्र दोन काने निराळे धरून पांच म्हणतें. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, सारें वेगळें धरलें जातें. मराठी लिहिणाराच्या वांट्याला जागा कमी येते ती अशी. तरी २८० च्या मर्यादेमुळें आतां देवनागरींत एक विचार नीट मांडण्याइतकी ऐसपैस जागा झाली आहे.

आतां खुणांकडे वळूं. पहिली खूण इंग्रजी ‘ए’ अक्षराला वेढा घातलेली. तिला ‘ॲट’ म्हणतात. ती लिहून पुढें कोणाचें नांव लिहिलें कीं, त्या माणसाला तुम्हीं हांक मारली असा अर्थ होतो. यालाच ‘मेन्शन करणें’ किंवा ‘टॅग करणें’ म्हणतात. दुसरी खूण ‘आरटी’, म्हणजे रीट्वीट. दुसऱ्याची नोंद आपल्या वाचकांपुढें जशीच्या तशी ठेवणें. तिसरी खूण # ही. तिला हॅशटॅग म्हणतात, आणि तिच्यापुढें लिहिलेला शब्द हा त्या नोंदीचा विषय समजला जातो. ग्रंथालयांतील विषयवारीच्या चिठ्ठीसारखीच तिची योजना आहे. ऑगस्ट २००७ मध्यें ख्रिस मेसिना या वापरकर्त्यानें ती सुचविली. ‘आरटी’ लिहिण्याची पद्धतहि वाचकांनींच पाडली, आणि कंपनीनें २००९ सालीं तिच्यासाठीं बटण केलें. भाषा आधीं लोक बनवितात आणि नियम मागाहून येतात, हा सिद्धान्त येथेंहि खरा ठरला.

हॅशटॅगच्या बाबतींत शुद्धलेखनाला नवेंच महत्त्व आलें आहे. जालन्यांतील मस्तगडाविषयीं एकानें ‘मस्तगड’ लिहिलें आणि दुसऱ्यानें ‘मस्तगढ’ लिहिलें, तर माणसाला तें एकच. यंत्राला मात्र ते दोन विषय वाटतात, आणि एकाच गांवच्या नोंदी दोन कप्प्यांत पडतात. तसेंच मधें जागा सोडून ‘#मस्तगड किल्ला’ असें लिहिलें, तर पहिलाच शब्द विषय म्हणून धरला जातो आणि दुसरा बाहेर राहतो. म्हणून ‘#मस्तगडकिल्ला’ असा समास करावा लागतो. संस्कृतांतील लांब समासांना हंसणारीं मुलें हे समास बिनतक्रार करतात, ही गंमत आहे.

उरलेले शब्द फारसे कठीण नाहींत. ‘फॉलो करणें’ म्हणजे एखाद्याच्या नोंदी नियमानें आपल्यापुढें याव्यात अशी व्यवस्था करणें. ‘थ्रेड’ म्हणजे एका नोंदींत न मावणारें लेखन, एकामागून एक गुंफलेल्या नोंदींत केलेलें. त्याला मराठींत ‘धागा’हि म्हणतात. ‘डीएम’ म्हणजे खाजगी निरोप. ‘ट्रेंड’ म्हणजे त्या घटकेला ज्या विषयावर बहुत लोक बोलत आहेत तो. ‘व्हायरल’ म्हणजे सांथीसारखें पसरलेलें. ‘मीम’ म्हणजे एकच चित्र घेऊन प्रसंगोपात्त त्यावर नवा मजकूर चढविण्याचा विनोद. ‘ट्रोल’ म्हणजे वादाला नव्हे तर डिवचण्याला येणारा माणूस. असे पुष्कळ ट्रोल एकदम तुटून पडले म्हणजे मराठी वृत्तपत्रें ‘ट्रोलधाड’ म्हणतात. टोळधाड या शब्दावर बसविलेला हा शब्द इतका चपखल आहे कीं, भाषांतरकाराला तो मुद्दाम सुचला नसता. तसाच ‘नेटकरी’. शेतकरी, गांवकरी, वारकरी यांच्या पंक्तींत हा नवा करी येऊन बसला, आणि कोणाला तो परका वाटला नाहीं.

याखेरीज शुद्ध देशी बोलीहि या माध्यमांत खेळते. एखादी गोष्ट अप्रतिम असली कीं ‘विषय हार्ड’ किंवा ‘नादखुळा’ म्हणतात. प्रमाणाबाहेर गेली कीं ‘वाढीव’ म्हणतात. एखाद्याची चारचौघांत पुरती फजिती केली कीं त्याचा ‘बाजार उठवला’ म्हणतात. आणि रचून सांगितलेल्या बातमीला ‘पुडी सोडली’ म्हणतात. हे शब्द जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात. एका मुलखाचा शब्द दुसऱ्या मुलखांत या मार्गानें फार लवकर पोहोंचतो. जानेवारी २०१६ मध्यें मराठींत पहिलें ट्विटर संमेलन भरलें, त्यांत कविता, कथा यांच्याबरोबर बोलीभाषा हाहि एक हॅशटॅगचा विषय होता. मराठी नोंदी निवडून पुन्हां प्रसृत करणाऱ्या ज्या खात्यानें तें भरविलें, त्याच्या नांवांतच ‘आरटी’ हीं अक्षरें आहेत. मंडप नाहीं, व्यासपीठ नाहीं, परंतु ज्याला चार ओळी लिहितां येतात त्याला त्यांत भाग घेतां येत होता, ही गोष्ट लहान नव्हे.

येथवर सोय सांगितली. आतां धोक्याकडे वळलें पाहिजे. समजा, मस्तगडांतील एखाद्या गृहस्थानें लिहिलें कीं, ‘आज पाणी येणार नाहीं, भरून ठेवा.’ शेजाऱ्यांच्या उपयोगाची, सद्भावनेनें लिहिलेली ही नोंद आहे. मूळ नोंदीखालीं तारीख व वेळ असते. पण कोणी तिचें चित्र उतरवून घेतलें, ज्याला ‘स्क्रीनशॉट’ म्हणतात, आणि तेवढी ओळच कापून पुढें धाडली, कीं तारीख गळून पडते, गांव गळून पडतें. मग तीन दिवसांनीं दुसऱ्याच शहरांतील बायका घागरी घेऊन धांवतात. नोंद खोटी नव्हती. ‘आज’ या शब्दाला आधार देणारी समजूत तेवढी वाटेंत सांडली.

पाण्याच्या बाबतींत फजितीवर भागतें. सर्व बाबतींत भागत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना मुलें पळविणारे समजून जमावानें ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या सुमारास मोबाईलवरून गांवोगांव फिरत होते. तें माध्यम टिवटिवीचें नव्हतें, व्हॉट्सॲपच्या खाजगी निरोपांचें होतें. पण रोग तोच. निरोपांत कोणीं पाहिलें, कोठें, केव्हां, यांतलें कांहीं नसे. आणि पुढें धाडणारा प्रत्येक जण तो आपला शब्द नव्हे असें मानीत असे. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये असें बंधन घातलें. यंत्राला एवढेंच करतां येतें. थांबण्याचें खरें काम माणसाचें आहे.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तिच्याविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळींचें मत लिहिलें, आणि तिच्या मैत्रिणीनें त्यावर ‘लाईक’ म्हणजे पसंतीची खूण केली. दोघींनाहि अटक झाली. हें प्रकरण देशभर गाजलें, आणि ज्या कायद्याच्या आधारें अशा अटका होत, तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. मत मांडण्याचा हक्क त्यामुळें उजळून निघाला. तरी नवशिक्यानें त्यांतून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, अंगठ्याची एक खूण देखील जग वाक्य म्हणून वाचतें. पुष्कळ लोक आपल्या परिचयांत ‘रीट्वीट म्हणजे सहमति नव्हे’ असें लिहून ठेवतात. पण नोंद वाचणारा परिचय वाचावयास जातोच असें नाहीं.

तेव्हां ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांनीं पहिले कांहीं दिवस नुसतें वाचावें. नव्या गांवीं गेलेला शहाणा मनुष्य चावडीवर बसून आधीं ऐकतो, तसें. एखाद्या शब्दाचा अर्थ कळला नाहीं तर तो घरांतील मुलांना विचारावा. त्यांत कमीपणा नाहीं, आणि मुलांनाहि कांहीं शिकविल्याचा आनंद मिळतो. अर्थ पक्का कळल्यावांचून तो शब्द आपण वापरूं नये. कारण थट्टेचा शब्द अनोळखी माणसाला शिवी वाटूं शकतो. बातमीवजा लिहावयाचें असेल तर ‘आज’, ‘येथें’, ‘ते’ असे शब्द टाळून तारीख, गांव आणि नांव लिहावें. तीस अक्षरें अधिक खर्च होतील, पण नोंद कापली गेली तरी खोटी होणार नाहीं. धाग्यांतील एकच नोंद वाचून मत बनवूं नये. धागा शेवटपर्यंत उलगडावा. दुसऱ्याचें लिहिणें पुढें ठेवण्यापूर्वीं, तें आपल्या हस्ताक्षरांत लिहून आपल्या दारावर लावण्याची तयारी आहे काय, असें स्वतःला विचारावें. ट्रोलाला उत्तर देऊं नये. त्याला ‘म्यूट’ करावें, म्हणजे त्याचें बोलणें आपल्यापुरतें बंद होतें, किंवा ‘ब्लॉक’ करावें, म्हणजे त्याची व आपली गांठच तुटते. आणि शक्य तों देवनागरींत लिहावें. जी भाषा लिहिली जाते तीच पुढें शोधतां येते.

या उपदेशाला जुना दाखलाहि आहे. मस्तगड १७२५ सालीं निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधविला. गडांत एक फार्सी शिलालेख आहे, आणि बांधकामाचें साल त्यानें नोंदवून ठेवलें आहे. दगडावर कोरणाराला ट्विटरहूनहि जागा कमी. तरी त्यानें काळाची नोंद गाळली नाहीं. राज्यें गेलीं, भाषा बदलली, परंतु तो लेख कशाविषयीं आणि केव्हांचा आहे, हें तीनशें वर्षांनंतरहि कळतें. लिहिणाराच्या मागून आलेल्या, त्याला सर्वस्वी अनोळखी असलेल्या वाचकांपर्यंत त्याचे थोडेसे शब्द शाबूत पोहोंचले.

घरांतील वडील मंडळींना वाटतें कीं, ही टिवटिव तरुणांची आहे, आपलें तेथें काय काम? पण तारीख, वार, नांव आणि गांव लिहिल्यावांचून पत्र पुरें होत नाहीं, ही शिस्त ज्यांच्या हाडींमाशीं खिळली आहे, तींच माणसें तेथें हवीं आहेत. नवे शब्द मुलांकडून घ्यावेत आणि ही जुनी शिस्त त्यांना द्यावी, म्हणजे त्या टिवटिवींतून अफवा कमी आणि वार्ता अधिक ऐकूं येईल.